अप्पासाहेब भोसले : निष्ठा आणि विवेक

१९ डिसेंबर १८१७ रोजी नागपूरकर भोसल्यांची फौज जबलपूर येथे इंग्रज सेनानी हार्डीमन याच्याशी लढली आणि पराभूत झाली. ज्यांच्यासाठी ती लढली, ते अप्पासाहेब भोसले तीन दिवस आधीच नागपुरात रेसिडेंट जेंकिन्सच्या स्वाधीन झाले होते.

दुसऱ्या रघूजींच्या मृत्यूनंतर, १८१६ मध्ये, जेमतेम विशीतल्या अप्पासाहेबांच्या हाती राज्यकारभार आला. त्याच वर्षी त्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. पुढच्याच वर्षी पेशव्यांशी संधान बांधून तो मोडला. नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर त्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेला अपयश आले. धनी शरण गेले, तरी त्यांचे अरब शिपाई महिनाअखेरपर्यंत नागपूर शहर लढवीत राहिले.

मे १८१८ मध्ये अलाहाबादकडे नेले जात असता, जबलपूरजवळच, पहाऱ्यातील शिपाई फितवून अप्पासाहेब निसटले. महादेवाच्या डोंगरात गोंडांनी त्यांना आसरा दिला आणि त्यांच्यासाठी प्राण वेचले. ते स्वतः पुढे पंजाबात गेले व १८४० मध्ये जोधपूरला निवर्तले. जबलपूर तोवर कंपनीच्या अमलाखाली गेले होते.

अप्पासाहेबांना निष्ठावंतांची वाण कधीच पडली नाही. धोरण मात्र कधी स्थिरावले नाही. अनुयायांचे शौर्य नेत्याचा अननुभव भरून काढू शकत नाही. त्या अननुभवाची किंमत मात्र अनुयायांनाच मोजावी लागते. म्हणूनच ‘हे कशासाठी?’ असे धन्याला वेळीच विचारणे, हाही निष्ठेचाच धर्म होय.