कॅप्सूलचं जिलेटिन आणि पेप्टाइडचं तुटणं

कॅप्सूलचं कवच डुकराच्या जिलेटिनचं की गुराच्या, हे आपल्या घरांत मौलवीसाहेबांना विचारतात. पण ते ठरतं प्रयोगशाळेत.

जिलेटिन म्हणजे शिजवलेलं कोलॅजन. दोन्ही जनावरांचं जवळजवळ सारखंच. मोजक्या जागी अमिनो आम्ल बदलतं. म्हणून क्रम वाचता यायला हवा. इन्सुलिनच्या 51 अमिनो आम्लांचा क्रम लावायला फ्रेडरिक सँगर यांना सुमारे दहा वर्षं लागली. त्यासाठी त्यांना 1958 चं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी एमआयटीच्या क्लाउस बीमान यांनी मास स्पेक्ट्रोमीटरने छोटे पेप्टाइड वाचायची वाट काढली. पण त्यांची वाफ करावी लागे, आणि मोठे रेणू उडत नाहीत, करपतात. जॉन फेन यांच्या विद्युत फवाऱ्याने ती अडचण गेली (नोबेल, 2002).

आता पेप्टाइड निर्वात यंत्रात शिरतो, वायूच्या रेणूंवर आदळतो आणि तुटतो. वाटेल तसा नाही, तर दोन अमिनो आम्लांमधल्या सांध्यावर. डावा तुकडा ‘बी’, उजवा ‘वाय’. लागोपाठच्या तुकड्यांच्या वजनांतला फरक 57 आला तर मध्ये ग्लायसीन, 71 आला तर अॅलनीन.

पण सांधाच का? उत्तर 1996 च्या एका शोधनिबंधात पक्कं झालं. पहिलं नाव अशोक डोंगरे (आडनाव वाचून कोल्हापूरकराचे कान टवकारणारच!), शेवटचं विकी वायसोकी. फवाऱ्यात चिकटलेला प्रोटॉन एका जागी बसत नाही. धडकेची ऊर्जा मिळाली की तो कण्यावरून फिरतो आणि जिथे टेकतो तो सांधा ढिला होतो. आर्जिनीन असेल तर ते प्रोटॉनला घट्ट धरून ठेवतं. मग तोडायला जास्त जोर लागतो.

उर्दूच्या तासाला मी सांगतो की दाल, रे, वाव हे हर्फ पुढच्याचा हात धरत नाहीत, शब्द तिथे सुटतो. प्रोलीनचं उलटं आहे. त्याच्या मागचा सांधा लवकर सुटतो, आणि कोलॅजन तर प्रोलीनने भरलेलं.

जिलेटिन गुराचं निघालं तरी जनावर जबिहा होतं का, हे यंत्राला कळत नाही. ल्युसीन आणि आयसोल्युसीन यांतही ते साध्या धडकेने फरक करू शकत नाही. दोघांचं वजन 113 च.