मळवलीचा छापखाना आणि मुलांचे टपालकार्ड

पावसाने लोणावळ्यास चार दिवस कोंडून ठेविले म्हणजे मोठ्यांस वाचनाचा विरंगुळा तरी असतो. मुलांनी काय करावे? गेल्या श्रावणात आमच्या सात वर्षांच्या नातीस आम्ही ड्रॉइंगच्या जाड कागदाचे १४ सेंटिमीटर लांब व ९ रुंद असे तुकडे कापून दिले. टपालकार्डाचे हेच माप. साताऱ्यास आमच्या मातुःश्री असतात. त्यांस चित्र काढून धाडावयाचे ठरले. आदल्या आठवड्यात पाहिलेल्या भाज्याच्या लेण्याची पिंपळपानी कमान तिने मेणखडूने रेखाटली आणि वर पाण्यात कालविलेला निळा रंग फासला. रंग कागदभर पसरला, परंतु मेणाच्या रेघांवरून थेंब थेंब होऊन ओघळला. “आजोबा, इथे रंग का बसत नाही?” असे तिने विचारले.

या प्रश्नावर एक सबंध कारखाना जवळच मळवलीस चालत असे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईस काढलेला छापखाना त्या शतकाच्या अखेरीस मावळात आला. पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. त्याचे काम शिळाछापाचे. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढावयाचे, दगड पाण्याने भिजवावयाचा, मग तेलकट शाईचा रूळ फिरवावयाचा. शाई ओल्या दगडास नाकारते आणि तेलकट रेघेस चिकटते. मुलीच्या कागदावर मेणाने पाण्याचा रंग झिडकारला, तेथे पाण्याने शाई झिडकारली, तत्त्व एकच. रंग जितके, दगड तितके. आणि प्रत्येक दगडाची छाप केसभर न चुकता आधीच्या छापेवर बसली पाहिजे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनीही या छापखान्यासाठी काम केले. राजवाड्यांच्या भिंतींवरील लक्ष्मी आणि सरस्वती येथूनच सामान्यांच्या देवघरात आल्या. या ओलिओग्राफांना कलावंतांनी पुष्कळ नाके मुरडली. आम्हांसही त्यांतील गडद रंग सर्वत्र रुचतात असे नाही. तथापि ज्या घरात पूर्वी एकही रंगीत चित्र नव्हते, त्या घराच्या बाजूने हा प्रश्न क्वचितच कोणी पाहिला.

याच छापखान्यातून चित्रांची टपालकार्डेही निघाली. साधे कार्ड हिंदुस्थानात १ जुलै १८७९ रोजी आले होते. किंमत पाव आणा. ऑस्ट्रियात ते निघाल्यास त्या वेळी दहा वर्षेही पुरी झाली नव्हती. प्रारंभीच्या कार्डांचा एक विचित्र नियम असा की, एका बाजूवर केवळ पत्ता लिहावयाचा. त्यामुळे चित्र आणि मजकूर यांस दुसऱ्या बाजूवर दाटीवाटीने नांदावे लागे. इंग्लंडात १९०२ साली पत्त्याच्या बाजूची अर्धी जागा मजकुरास मोकळी झाली, आणि चित्रास आपली बाजू सबंध मिळाली. आमच्या नातीने कमानीच्या पोटात “पणजीआजी, मी लेणं पाहिलं” असे लिहून तो जुना नियम अजाणताच पाळला.

छापील कार्ड हजारांस जाते, हाताने काढलेले एकालाच. शांतिनिकेतनात नंदलाल बोस आपल्या विद्यार्थ्यांस व स्नेह्यांस लहानशा कार्डांवर झाडे, गुरे, वाटसरू रेखाटून धाडीत. एवढ्या मोठ्या चित्रकाराने एवढ्याशा कागदावर श्रम करावेत, तेही टपालाच्या शिक्क्याखाली येण्यासाठी, याचे आम्हांस तरुणपणी नवल वाटे.

उघडीप पाहून आम्ही दोघे टपालपेटीपाशी गेलो. तेथे मुलीने हात मागे घेतला. “हे गेलं की माझ्याकडे काय राहणार?” प्रश्न रास्त होता. दोन दिवसांचे तिचे सर्व भांडवल त्या कागदावर खर्ची पडले होते. आम्ही तिला मळवलीची पुढची हकीकत सांगितली. १९७२ साली त्या छापखान्यास मोठी आग लागली आणि जतन करून ठेविलेले फार मोठे धन जळून गेले. तेथली जी चित्रे आज पाहावयास मिळतात, त्यांतील बहुतेक आगीपूर्वीच दूरदूरच्या घरी जाऊन पोहोचलेली. मुलगी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पणजीआजीकडे आग नाही ना लागणार?” याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. तिने कार्ड पुन्हा एकदा डोळे भरून पाहिले आणि पेटीत टाकले. टाकल्यावर आत डोकावून पाहण्याचाही यत्न केला, हे येथे नमूद केले पाहिजे.

कार्ड सहाव्या दिवशी साताऱ्यास पोहोचले. वाटेत कोठेतरी पाणी लागून पत्त्याची शाई पसरली होती. मातुःश्रींचे नाव ओळखू येईना, मात्र पिनचे सहा आकडे शाबूत होते. हा पिनही १९७२ सालचाच. मेणाने काढलेल्या कमानीस पाण्याने स्पर्शही केलेला नव्हता. मातुःश्रींच्या देवघरात मळवलीची जुनी लक्ष्मी आहे. तिच्या चौकटीत त्यांनी ते कार्ड खोचले आहे, आणि गुरुवारी चौकट पुसताना ते आधी काढून बाजूस ठेवावे लागते, अशी तक्रार त्या आता प्रत्येक भेटीत करितात.