मासुंद्याकाठचे चर्च

ठाण्याच्या ख्रिस्ती मंदिरांचा विषय निघाला की त्यांचा आरंभ पोर्तुगीज अंमलात झाला आणि त्या अंमलाबरोबरच त्यांचा खरा इतिहास संपला, अशी समजूत सुशिक्षितांतही सर्रास आढळते. परंतु या प्रांताचा ख्रिस्ती धर्माशी आलेला संबंध वास्को-द-गामाच्या आगमनापेक्षा कित्येक शतके प्राचीन आहे. सहाव्या शतकाच्या मध्यावर ग्रंथरचना करणारा कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी ‘कल्लिआना’ या बंदरात इराणातून नेमून आलेला बिशप असल्याचे नमूद करतो, आणि हे कल्लिआना म्हणजे उल्हास नदीच्या काठचे आपले कल्याण होय, असे बहुतेक विद्वानांचे मत आहे.

पुढे ठाण्याचे नाव युरोपच्या धर्मेतिहासात आले ते एका दारुण प्रसंगाने. इ. स. 1321 मध्ये टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि पूर्वेकडील भाषा जाणणारे तिफ्लिसचे दिमित्रिउस हे चार फ्रान्सिस्कन संन्यासी होर्मुझहून मलबारातील कोल्लमकडे निघाले असता त्यांचे गलबत ठाण्यास लागले, आणि त्यांनी येथल्या एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाकडे आश्रय घेतला. त्या घरातील पतिपत्नींच्या कलहाचे प्रकरण काजीपुढे गेले. साक्षीसाठी आलेल्या या परकीय साधूंना धर्मासंबंधी प्रश्न विचारण्यात आले. आणि वादाचे पर्यवसान एप्रिल महिन्यात चौघांच्या वधात झाले. त्यांचे सहप्रवासी डोमिनिकन जॉर्डानुस यांनी त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले, आणि लवकरच तेथे आलेल्या ओडोरिक नामक प्रवाशाने त्यांच्या अस्थी सागरमार्गे चीनपर्यंत नेल्या. या घटनेत मला विशेष महत्त्वाचे वाटते ते हे, की चौदाव्या शतकाच्या आरंभी ठाण्यात ख्रिस्ती गृहस्थांची घरे होती, आणि परमुलखातील साधूंना त्यांचा दरवाजा ठाऊक होता.

पोर्तुगिजांचा अंमल सुरू झाला तो गुजरातच्या बहादूरशहाने 1534 च्या तहान्वये वसई व तिच्याखालचा मुलूख त्यांच्या हवाली केल्यावर. त्या अंमलात, ठाणे ज्या बेटावर वसले आहे त्या साष्टीतील अनेक देवालये उद्ध्वस्त झाली, मंडपेश्वराच्या लेण्याचेही चर्च झाले, आणि या गोष्टींवर पांघरूण घालणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणार नाही. ठाण्यात मासुंदा तलावाजवळ फ्रान्सिस्कनांनी संत अँथनीच्या नावाने मठ उभारला. त्याच्याशी संलग्न असलेले धर्ममंदिर म्हणजेच आजचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च.

साष्टीतील या परंपरेच्या चर्चांचे वास्तुशिल्प समजून घ्यावयाचे तर लिस्बनइतकेच कोकणच्या पावसाकडे लक्ष द्यावे लागते. विधान युरोपीय आहे: पश्चिमाभिमुख उंच दर्शनी भिंत, आत बाजूच्या दालनांवाचून सरळ वेदीपर्यंत जाणारा एकच लांब सभामंडप, प्रवेशद्वाराच्या वर गायकवृंदाचा सज्जा आणि शेवटी लाकडी कोरीवकामाची सोनेरी वेदी. परंतु दगड येथल्याच खाणींतला, चुना बहुधा खाडीच्या शिंपल्यांचा, छप्पर लाकडी कैच्यांवर बसवलेले कौलारू, भिंती आषाढसरींना दाद न देणाऱ्या जाडीच्या, आणि हात येथल्याच पाथरवट-सुतारांचे. संत योहानाचा सण 24 जूनला, म्हणजे नेमका पावसाच्या तोंडावर येतो, हेही या भूमीत फार समर्पक वाटते.

मार्च 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले तेव्हा पोर्तुगिजांनी 1730 मध्ये आरंभलेला तेथील किल्ला अपुराच होता. दोन वर्षांनी, मे 1739 मध्ये, चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसईही पडली. तेथील घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावर गेल्या आणि भीमाशंकर, मेणवली, नाशिकचे नारोशंकर अशा देवस्थानी आजही पाहावयास मिळतात. परंतु वसईच्या तहनाम्यातच मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक दिलेली होती. गोरे पाद्री निघून गेले, गोव्याच्या आर्चबिशपच्या अधिकाराखाली एतद्देशीय पाद्र्यांनी कारभार हाती घेतला, आणि माझ्या मते याच काळात हा धर्म खऱ्या अर्थाने येथला झाला, कारण त्याच्या पाठीशी आता कोणतीही राजसत्ता उरली नव्हती. 1760 च्या सुमारास साष्टीत हिंडलेल्या आंकेतिल द्यु पेराँ या फ्रेंच पंडिताला मराठी अंमलात येथील ख्रिस्ती लोक आपले उत्सव निर्वेधपणे साजरे करताना दिसले. त्याच सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी त्याच मासुंद्याच्या काठी कौपिनेश्वराचे देवालय बांधून काढले. एकाच तलावाच्या परिसरात चर्च नांदते राहावे आणि मोडलेले देवालयही पुन्हा उभे राहावे, ही त्या राजवटीच्या न्यायबुद्धीची मोठी साक्ष आहे, आणि आपल्या इतिहासग्रंथांत ती यापेक्षा ठळकपणे नोंदली जावयास हवी होती.

डिसेंबर 1774 मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला. सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. कंपनी सरकारच्या गोऱ्या अंमलदारांसाठी सेंट जेम्स हे निराळे अँग्लिकन चर्च झाले, आणि कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी 1825 मध्ये त्याची प्रतिष्ठापना केली. त्याच हेबरने आपल्या प्रवासवर्णनात ठाण्याच्या रोमन कॅथलिक वस्तीची नोंद करून ठेवली, आणि 1816 मध्ये याच किल्ल्यातून पेशव्यांचे कैदेत असलेले कारभारी त्रिंबकजी डेंगळे निसटले तेव्हा एका मोतद्दाराने मराठी गाण्यातून त्यांना खूण पोचवल्याची हकिकतही टिपली. ती खूण नवख्या गोऱ्या पहारेकऱ्यांना मुळीच उमगली नव्हती.

यानंतर गोव्याचा आर्चबिशप आणि रोमने नेमलेले मुंबईचे व्हिकार यांच्यातील अधिकाराच्या वादाने साष्टीतील चर्चे दीर्घकाळ विभागली गेली. 1886 च्या करारनाम्याने त्यावर तोडगा निघाला आणि 1928 मध्ये हा प्रदेश मुंबईच्या आर्चबिशपकडे गेला. दरम्यान 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, येथील कॅथलिक समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. नाव इंग्रजी झाले, तरी या घरांतील बोली मराठीच राहिली. आणि चर्चमधील विवाहविधीच्या आधी विहिरीवर वाजतगाजत जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणण्याची चाल त्यांच्यात अद्याप चालू आहे.