सूक्ष्मतरंगी संदेशवहनातील विरल मृत्तिका सिरॅमिके

लँथॅनम, निओडिमियम, समेरियम यांसारख्या विरल मृत्तिका मूलद्रव्यांची ऑक्साइडे मिसळून, उच्च तापमानाला भाजून तयार केलेले विद्युत् अपारक पदार्थ. मोबाइल मनोऱ्यांवरील फिल्टर, आंदोलक व लहान अँटेना यांत त्यांचा उपयोग होतो.

गुणधर्म : या पदार्थांची पारख तीन गुणांवर होते. विद्युत् अपारक स्थिरांक जितका मोठा, तितकी पदार्थातील तरंगलांबी कमी. ९०० मेगाहर्ट्‌झ तरंगाची हवेत सुमारे ३३ सेंमी. असलेली लांबी स्थिरांक ८१ असलेल्या सिरॅमिकमध्ये ३.७ सेंमी. होते, त्यामुळे उपकरण लहान करता येते. गुणवत्ता गुणांक जितका जास्त, तितका ऊर्जाऱ्हास कमी. तापमान गुणांक मात्र शून्याच्या जवळ हवा. तो दर अंश सेल्सिअसला दशलक्षांत १० भाग एवढा अल्प असला, तरी २ गिगाहर्ट्‌झचा अनुस्पंदक ४० अंशांनी तापल्यावर त्याची कंप्रता ८०० किलोहर्ट्‌झने ढळते.

पार्श्वभूमी : धातूचा लेप नसलेला विद्युत् अपारक पदार्थही अनुस्पंदक होऊ शकतो, हे रॉबर्ट रिक्टमायर यांनी १९३९ मध्ये दाखवले. अशा पदार्थांपैकी रूटाइलचा (टिटॅनियम डाय-ऑक्साइडाचा) स्थिरांक सुमारे १०० आहे. पण त्याचा तापमान गुणांक दशलक्षांत सुमारे ४५० भाग असल्याने प्रत्यक्ष उपकरणात तो एकटा निरुपयोगी ठरतो.

विरल मृत्तिकांचे कार्य : लँथॅनमकडून समेरियमकडे जाताना रासायनिक वर्तन जवळजवळ तेच राहते, आयनाचा आकार मात्र पायरीपायरीने घटतो. हेच या मूलद्रव्यांचे खरे मोल. टंगस्टन ब्राँझसारखी संरचना असलेल्या बेरियम–विरल मृत्तिका टिटॅनेटांचा स्थिरांक ८० ते ९० च्या आसपास असतो. त्यांत निओडिमियम असल्यास तापमान गुणांक धन, समेरियम असल्यास ऋण येतो. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळल्यास तो शून्यालगत आणता येतो. अधिक गुणवत्ता गुणांक हवा असल्यास कॅल्शियम टिटॅनेट व निओडिमियम ॲल्युमिनेट यांचे घन विद्राव वापरतात. त्यांचा स्थिरांक सुमारे ४५ असतो.

निर्मिती : लँथॅनम व निओडिमियम यांची ऑक्साइडे हवेतील ओलावा शोषतात. म्हणून ती आधी तापवून लगेच तोलावी लागतात. अन्यथा मिश्रणाचे प्रमाण बिघडते. भाजताना टिटॅनियमचा काही ऑक्सिजन निघून गेल्यास वडी काळसर पडते व गुणवत्ता गुणांक घसरतो. ऑक्सिजनमध्ये पुन्हा तापवून हा दोष बराचसा दूर करता येतो.