मशीन सकाळी आधी शून्य का शोधतं?

कळव्याला ठाणे-बेलापूर रस्त्यावर सीमेन्सचा कारखाना आहे. ही कंपनी 1847 मध्ये बर्लिनला सुरू झाली ती तारायंत्रासाठी. तारायंत्राचा आणि सीएनसी मशीनचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. पण एन्कोडरचा इतिहास मला तिथूनच सांगायला आवडतो.

वेर्नर सीमेन्सच्या यंत्रात अक्षरांची तबकडी आणि फिरणारा काटा होता. इकडचा काटा ज्या अक्षरावर थांबेल, त्यावरच तिकडचाही थांबायला हवा. म्हणजे प्रश्न कोनाचाच: फिरणाऱ्या वस्तूची जागा तारेतून कशी कळवायची? आधीच्या व्हीटस्टनच्या यंत्रात विजेच्या प्रत्येक ठोक्याला काटा एक घर सरकायचा. एक ठोका हुकला की पुढचं प्रत्येक अक्षर चूक! सीमेन्सने दोन्ही काट्यांना एकमेकांसाठी थांबायला लावलं. (पहिला नमुना त्याने सिगारच्या खोक्यांपासून केला होता. लॅबमध्ये बजेट नाही म्हणून कुरकुरताना हे आठवा.)

आता लेथकडे या. इन्क्रिमेंटल एन्कोडर म्हणजे बारीक रेघांची चकती, एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला फोटोसेन्सर. समजा रेघा 2500 आहेत. पाव टप्प्याने मागेपुढे असलेले दोन सिग्नल घेतले की दिशा कळते, शिवाय एका फेरीत 10000 मोजण्या मिळतात. स्क्रूच्या एका फेरीत टूल 10 मिमी सरकत असेल, तर एक मोजणी म्हणजे 1 मायक्रॉन. पण हा एन्कोडर 'कुठे आहे' हे सांगत नाही, फक्त 'किती सरकलो' एवढंच सांगतो. लाईट गेली की मोजणी गेली. म्हणून ऑपरेटर मशीन चालू केल्यावर आधी होम घेतो. व्हीटस्टनचंच दुखणं!

ॲब्सोल्यूट एन्कोडरमध्ये चकतीवरच्या प्रत्येक जागेला स्वतःचा अंक असतो. साध्या बायनरीत 7 वरून 8 वर जाताना चारही बिट बदलतात. सगळे एकाच क्षणी बदलले नाहीत तर मधेच 15 सुद्धा वाचला जाईल, आणि टूल थेट जॉबमध्ये घुसेल. बेल लॅब्सच्या फ्रँक ग्रे यांच्या कोडमध्ये शेजारच्या अंकांत एकच बिट बदलतो. पेटंटचा अर्ज 1947 चा, मंजुरी 1953 ची. आणि ग्रे काम करत होते ते संदेशवहनावर, लेथवर नव्हे. त्यामुळे लिटरेचर रिव्ह्यू करताना नुसतं 'मशीन टूल' शोधून भागणार नाही, टेलिकॉमचे जुने पेपरही चाळा.

तरी एक अडचण उरतेच. चकती एका फेरीतला कोन सांगते, फेऱ्या किती झाल्या ते नाही. त्यासाठी आत छोटे गिअर तरी लावतात किंवा बॅटरी तरी. बॅटरी संपली, की परत होम.