आनंद श्रावकाचा एक आवळा



प्रतिक्रमणात सातव्या व्रताचे सव्वीस बोल आपण सगळ्याच म्हणतो. उल्लणियाविहि, दंतणविहि, फलविहि असं सुरू झालं की जीभ आपोआप पुढे धावते आणि मन तोवर उद्याच्या डब्याच्या भाजीत गेलेलं असतं. यंदा या बोलांपाशी मला थांबावं लागलं, कारण या चातुर्मासात मी बारा व्रतं घ्यायचं ठरवलंय. त्यासाठी मिळालेल्या छोट्या पुस्तिकेत प्रत्येक बोलापुढे एक कोरा रकाना आहे आणि त्यात आकडा लिहायचा आहे. किती साबण? किती तेलं? आकडा लिहायचा तर आधी शब्दाचा अर्थ कळायला हवा, म्हणून उपासकदशांग उघडलं. हे आपलं सातवं अंगसूत्र, दहा श्रावकांच्या कथांचं. आगम ग्रंथरूपात लिहिले गेले ते वलभीच्या वाचनेत, इसवी सनाच्या पाचव्या शतकात. म्हणजे ही यादी निदान दीड हजार वर्षांची तरी आहेच, आणि कथा थेट भगवान महावीरांच्या काळातली.

पहिलाच श्रावक आनंद. वैशालीजवळच्या वाणिज्यग्रामचा गाथापती. त्याची संपत्ती सूत्रात मोजून दिलेली आहे. चार कोटी सोनं निधीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरखर्चात-थाटामाटात, शिवाय दहा-दहा हजार गायींचे चार कळप. असा माणूस भगवंतांसमोर उभा राहून आपल्या रोजच्या वापराच्या एकवीस गोष्टींची मर्यादा सांगतो. (आपल्या प्रतिक्रमणात वाहन, पादत्राणं वगैरे धरून त्या सव्वीस होतात.)

या एकवीसपैकी पहिल्या अकरा गोष्टी खाण्याच्या नाहीतच! अंग पुसायचं वस्त्र, दातवण, फळ, अभ्यंगाचं तेल, उटणं, आंघोळीचं पाणी, वस्त्र, विलेपन, फूल, दागिना, धूप. पेज, भात, डाळ, भाजी हे सगळं त्यानंतर येतं. दर पक्खीला मी जे पुटपुटत होते ती सरळसरळ न्हाणीघराची यादी होती! आणि तिची सुरुवात टॉवेलपासून. आधी टॉवेल घे, मग आंघोळीला जा, हे आमच्या घरात मी रोज दोन मुलांना ओरडून सांगते.

आता आनंदाने काय ठेवलं ते बघा. पुसायला एक सुगंधी, तांबूस वस्त्र. दातांना ओल्या ज्येष्ठमधाची काडी. अभ्यंगाला शतपाक आणि सहस्रपाक ही दोन तेलं. उटण्याला गव्हाच्या पिठासारखं एकच सुगंधी चूर्ण. आंघोळीला आठ घडे पाणी. सुती वस्त्रांची एक जोडी. विलेपनाला अगरू, केशर, चंदन. फुलात शुभ्र कमळ किंवा मालतीची माळ. कानात साधी कुंडलं आणि बोटात नावाची अंगठी. धूप अगरू-लोबानाचा.

आणि फलविहि? आपल्याला वाटतं आंबा-केळी-सफरचंद. पण आगमाच्या विवेचनांत याचा अर्थ डोकं, केस धुण्यासाठीचं फळ असा दिला आहे. त्यात आनंदाने ठेवला फक्त क्षीरामलक. अकराव्या शतकात नऊ अंगांवर टीका लिहिणाऱ्या अभयदेवसूरींनी याचा अर्थ सांगितलाय: ज्याची आठळी अजून धरलेली नाही असा, दुधासारखा गोड, कोवळा आवळा. बारा कोटींचा धनी, आणि केसांना एक आवळा!

पण म्हणून हा माणूस रूक्ष होता असं समजू नका. आवळा हवा, पण कोवळाच हवा. तेलं दोनच, पण कोणती? शतपाकाचा अर्थही अभयदेवसूरींनी दिलाय. शंभर द्रव्यांच्या शंभर काढ्यांत शिजवलेलं तेल, किंवा ज्याला शंभर कार्षापण खर्च येतो ते. सहस्रपाक म्हणजे हेच हजारांच्या हिशेबात. स्वस्तातलं काम नव्हे! आठ घडे पाणीसुद्धा काही कमी नाही. मी एका बादलीत भागवते. त्याने आपली आवड सोडली नाही, तिला कुंपण घातलं. ‘याखेरीज बाकी सगळ्याचा त्याग’ हे प्रत्येक ओळीचं खरं वजन आहे.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे या विषयावर दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणजे, श्राविकेला कशाला हवेत हे नखरे, शरीर तर नश्वर. पण अस्नान आणि केशलोच हा साधू-साध्वींचा आचार आहे. गृहस्थाच्या व्रतात खुद्द भगवंतांसमोर तेल-उटण्याला जागा मिळाली आहे. दुसरा सूर म्हणजे, हर्बल आहे ना, मग घे. त्यापायी माझ्या मुलीच्या फळीवर केसांच्याच अकरा बाटल्या आहेत. मी मोजल्या. तिने आठ सांगितल्या होत्या.

एक खंत मात्र आहे. आनंदाची पत्नी शिवानंदा, तिनेही भगवंतांकडे जाऊन बारा व्रतं घेतली. पण तिची यादी सूत्रात वेगळी दिलेली नाही. तिने केसांना काय ठेवलं असेल, काजळ ठेवलं असेल का, हे वाचायला मला फार आवडलं असतं.

थोडं या साहित्याच्या गुणाबद्दल. आवळ्याला फेस येत नाही. त्यात आंबट आणि तुरट द्रव्यं आहेत. फेस येतो तो रिठा आणि शिकेकाईला, कारण त्यांत सॅपोनिन असतं आणि ते तेलकटपणा धरून पाण्यात सोडतं. मग आनंदाचं तेल निघायचं कसं? तेलानंतर उटणं येतं ते उगीच नाही. कोरडं पीठ अंगावरचं तेल शोषून घेतं आणि चोळताना मळासकट सुटून येतं. आपल्या आज्या बाळाला तेल लावून वर डाळीचं पीठ चोळायच्या, ते हेच. आमच्याकडे केसांसाठी तीन चमचे शिकेकाई, दोन चमचे सुका आवळा आणि पाच रिठ्यांची सालं दोन तांबे पाण्यात उकळतो, गाळतो आणि कोमट असतानाच वापरून संपवतो. रात्रभर भिजत घालत नाही. सासूबाईंचा दंडक आहे: भिजवून ठेवलेल्यात जीव पडतात, त्यापेक्षा उकळा. डोळे मात्र घट्ट मिटा, रिठा फार झोंबतो. उटण्याला मसुराचं किंवा हरभऱ्याचं पीठ, त्यात वाळा, नागरमोथा, कचोरा आणि चंदन. सगळं सुकं, वस्त्रगाळ.

हल्ली मोबाइलवर येणारे घरगुती उपाय बघा. मध लावा, अंडं लावा, कोरफडीचा गर लावा, ओली हळद लावा. मध आणि अंडं तर आपल्याकडे बादच. कोरफड आणि ओली हळद आपल्या बत्तीस अनंतकायांच्या यादीत आहेत. ती यादी खाण्यासंबंधी आहे आणि लावण्याबद्दल वेगवेगळी मतं ऐकू येतात. मी लावत नाही. सुकी हळद आहे की डब्यात.

याच सातव्या व्रताला एक दुसरी बाजू आहे. सव्वीस बोल संपले की लगेच पंधरा कर्मादानं येतात, म्हणजे श्रावकाने करू नयेत असे धंदे. त्यात हस्तिदंताचा व्यापार आहे, लाखेचा आहे. हस्तिदंत म्हणजे फण्या आणि बांगड्या, लाख म्हणजे रंग आणि चुडे. शृंगाराच्या वस्तूच की या! म्हणजे किती वापरावं आणि ते कशातून येतं, हे दोन्ही प्रश्न एकाच व्रतात शेजारी शेजारी बसवलेले आहेत.

हा दुसरा प्रश्न आपल्या दारात पुन्हा आला तो साबणाबरोबर. १८८८ मध्ये लिव्हर ब्रदर्सच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. विलायती साबणात जनावराची चरबी सर्रास वापरली जायची. आपल्यासारख्या घरांत तो अंगाला लावायचा कसा? मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ मध्ये ‘चावी’ नावाचा साबण आणला तो वनस्पती तेलाचा, चरबी न घालता केलेला. असा साबण जगात कुठे नव्हताच असं कुणी म्हटलं तर ते खरं नाही. ऑलिव्ह तेलाचे साबण अलेप्पोत आणि स्पेनमध्ये शतकानुशतकं बनत होते. पण इथल्या शाकाहारी घराला मनात काही न ठेवता वापरता येईल असा साबण इथेच बनू लागला, ही गोष्ट लहान नाही. एका पारशी गृहस्थाने आपली अडचण ओळखली याचं मला कौतुक वाटतं.

आणि शॅम्पू? तो शब्दच आपल्याकडचा. चांपणं, चंपी यातला. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन मोहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या ब्रायटनला स्नानगृह काढलं आणि तिथे ‘शॅम्पूइंग’ म्हणजे वाफेनंतरचं मालिश सुरू केलं. पुढे ते राजा चौथा जॉर्ज यांचे शॅम्पूइंग सर्जन झाले. बाटलीचा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला.

आज अडचण अशी की वेष्टनावर नावं असतात पण ती कळत नाहीत. म्हणून सांगते. ‘सोडियम टॅलोएट’ दिसलं तर ती चरबी. ‘सोडियम पाल्मेट’ म्हणजे पामतेल, ‘कोकोएट’ म्हणजे खोबरेल. लिपस्टिकवर ‘कार्माइन’ किंवा ‘सी.आय. ७५४७०’ लिहिलं असेल तर तो लाल रंग किडे वाळवून काढलेला आहे. ‘लॅनोलिन’ मेंढीच्या लोकरीतलं. ‘शेलॅक’ म्हणजे आपल्या कर्मादानातली तीच लाख. ग्लिसरीन आणि स्टिअरिक अॅसिड दोन्हीकडून येऊ शकतं, तिथे कंपनीला विचारावंच लागतं. सौंदर्यप्रसाधनांवर शाकाहारी-मांसाहारी खूण हवी असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. प्राण्यांवर प्रसाधनांच्या चाचण्या करायला मात्र २०१४ पासून आपल्या देशात बंदी आहे.

कोल्हापूर-सांगलीच्या माझ्या दिगंबर मैत्रिणी म्हणतील, हे सगळं तुमच्या आगमातलं. पण समंतभद्राचार्यांचा रत्नकरंडक श्रावकाचार काढून बघा. उपवासाच्या दिवशी अलंकार, गंध, फुलं, स्नान, अंजन हे सोडायला सांगितलंय, म्हणजे एरवी ते चालतंच. आणि तिथे मला अगदी उपयोगाची गोष्ट सापडली. त्याग जन्मभराचा केला तर तो यम, ठरावीक काळासाठी केला तर नियम. आणि तो काळ आजचा दिवस, एक रात्र, पक्ष, महिना, ऋतू, सहा महिने असा कितीही घेता येतो. यादीत स्नान, अंगराग, फुलं, भूषणं सगळं आहे.

तर माझी पुस्तिका आता अशी भरली आहे. पुसायला टॉवेल दोन. फलविहि: आवळा, शिकेकाई, रिठा. तेल: खोबरेल आणि तीळ. आंघोळीला पाणी एक बादली, न्हायच्या दिवशी दोन. साबण एक, वनस्पती तेलाचा. विलेपन: चंदन आणि खोबरेलातलं घरचं मलम. लिपस्टिक नाही, ती मी तशीही लावत नाही. केसांना मेंदी, महिन्यातून एकदा. हे आनंदाच्या यादीत नव्हतं, पण त्याचे केस कधी पांढरे झाले ते सूत्रात लिहिलेलं नाही.

मुलीने तिच्या अकरातल्या सहा बाटल्या संपवून पुढे नव्या आणायच्या नाहीत असा संवत्सरीपर्यंतचा नियम घेतलाय. मी जन्मभराचा आग्रह केला नाही.

उटण्याचा रकाना अजून पेन्सिलीतच आहे. मार्गशीर्षात भाचीचं लग्न आहे, आणि तिला लावायचं उटणं माझ्याच हातचं हवंय म्हणते.