भविष्यकाळाची जोडणी

राहुरीच्या शिवारांत संध्याकाळीं दोघे शेतकरी भेटले, म्हणजे एक म्हणतो, "उद्यां उसाला पाणी द्यायचें आहे." वाक्य कर्तव्याचें आहे, परंतु ऐकणारा त्यांतून उद्यांचा बेत समजतो. 'देईन' हें रूप न वापरतां भविष्यकाळ सांगितला जातो. याच वाटेनें स्पॅनिश भाषेचा भविष्यकाळ घडला.

लॅटिन भाषेंत 'गाईन' या अर्थीं 'कांताबो' असें स्वतंत्र रूप होतें. लोकांच्या तोंडीं तें टिकलें नाहीं. त्याच्या जागीं 'कांतारे हाबेओ', म्हणजे 'मला गायचें आहे', असा प्रयोग आला, आणि पुढें हीं दोन पदें एकजीव झालीं. स्पॅनिशमध्यें 'आब्लार' म्हणजे बोलणें. मी, तूं, तो, आम्ही, तुम्ही, ते या क्रमानें त्याचीं रूपें आब्लारे, आब्लारास, आब्लारा, आब्लारेमोस, आब्लारेइस, आब्लारान अशीं होतात. 'कोमेर' म्हणजे खाणें, 'बिबिर' म्हणजे राहणें. त्यांनाही प्रत्यय हेच. जुन्या स्पॅनिशमध्यें या सांध्यांत सर्वनामही शिरत असे: 'दार ते ए', म्हणजे 'तुला देईन'. नेब्रिखा या वैयाकरणानें १४९२ सालच्या आपल्या व्याकरणांत हा सांधा दाखविला आहे. त्याच वर्षीं निघालेला कोलंबस मुलांना पाठ असतो. नेब्रिखाचें नांव त्यांच्या कानीं क्वचितच पडतें.

मराठीचा सांधा निराळा. राहुरीच्या शेजारीं नेवाशास १२९० सालीं ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेव्हां 'करी' याचा अर्थ 'करतो' असा होता. या जुन्या वर्तमानकाळास 'ल' लागून 'करील' झालें. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानें मराठीच्या घडणीवरील १९२० च्या ग्रंथांत हें विवेचन केलें आहे. नुसता 'करी' मात्र मागें सरला. 'तो रोज पूजा करी' म्हणजे आतां गेल्या काळची रीत. म्हणींनीं तेवढा जुना अर्थ जपला: 'देव तारी त्याला कोण मारी', 'थेंबें थेंबें तळें साचे'.

सकर्मक धातूस 'ईल' आणि अकर्मकास 'एल', हा नियम शाळेंत पुष्कळ वर्षें घोकून घेतला गेला. मुलानें 'करेल' लिहिलें कीं गुण गेले. कारण विचारलें तर पुन्हा नियमाकडेच बोट! कारण त्या दोन म्हणींत आहे. तारी, मारी हीं सकर्मक रूपें; त्यांचें तारील, मारील झालें. साचे हें अकर्मक, त्याचें साचेल. भेद भविष्यकाळानें निर्माण केला नाहीं, तो त्याला वारशानें मिळाला.

मुळाकांठचा निरक्षर मनुष्यही 'तळें साचील' असें कधीं म्हणत नाहीं. 'करेल' मात्र तो सहज म्हणतो, कारण बोलण्यांत 'ए'कारानें 'ई'काराची जागा बरीच व्यापली आहे.